टॅपेट सेटिंग की टॅपेट बदलणं? ६बीटी इंजिनातली नेहमीची गल्लत

ट्रक गॅरेजमध्ये आला, हेडवर टक्-टक् वाजतंय आणि ड्रायव्हर म्हणतो, 'टॅपेट गेलेत.' बहुतेक वेळा गेलेलं असतं ते क्लिअरन्स, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट. सेटिंग केलं की आवाज बंद होतो, काम अर्ध्या दिवसाचं. पण काही वेळा खरोखरच टॅपेट आणि त्याखालचा कॅम (व्हॉल्व्ह उघडायला लावणारा फिरता दांडा) खाल्लेला असतो. तेव्हा सेटिंग म्हणजे नुसतं दुखणं पुढे ढकलणं. दोन्हींचा आवाज सारखाच, खर्चात मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

उदाहरणाला कमिन्सचं ६बीटी घेऊ : ५.९ लिटर, सहा सिलिंडर, टाटाच्या ट्रकांमधून आपल्या रस्त्यांवर भरपूर धावलेलं. ज्याला आपण 'टॅपेट सेटिंग' म्हणतो ते होतं वर, रॉकरच्या स्क्रूवर. खरा टॅपेट खाली ब्लॉकमध्ये, कॅम आणि पुशरॉड (टॅपेटची उचल रॉकरपर्यंत नेणारी दांडी) यांच्या मधे. असे १२ असतात. हायड्रॉलिक (तेलाच्या दाबाने फट आपोआप भरून काढणारे) नव्हेत, त्यामुळे फट हातानेच ठेवावी लागते : इनलेटला ०.२५ मिमी, एक्झॉस्टला ०.५१ मिमी, तीही इंजिन ६० अंशांच्या खाली गार असताना. पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर (पिस्टन सर्वांत वर) आणून ती जागा पक्की करणारी टायमिंग पिन बसवायची, इनलेट १, २, ४ आणि एक्झॉस्ट १, ३, ५ सेट करायचे. मग पिन काढून (विसरलात तर ती मोडलीच) क्रँक एक पूर्ण फेरा फिरवायचा आणि उरलेले सहा सेट करायचे. लॉकनट २४ न्यूटन-मीटरला. नट आवळताना स्क्रू सोबत फिरतो, म्हणून आवळल्यावर फिलर (फट मोजायची पातळ पट्टी) पुन्हा घालून बघायचा. हा दुसरा फिलर टाळला की ट्रक परत दारात.

आता नेमकं काय बिघडलंय ते कसं ओळखायचं? फट कोणत्या बाजूला सरकली ते बघा. व्हॉल्व्ह आणि सीट झिजली की व्हॉल्व्ह हेडमध्ये आत जातो आणि फट कमी होते. आवाज येत नाही, उलट इंजिन शांत वाटतं आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गुपचूप जळतो. कॅम किंवा टॅपेट झिजला की फट वाढते. एकाच व्हॉल्व्हची फट सेट करून थोड्याच दिवसांत पुन्हा वाढली, तर संशय खालच्या बाजूवर.

पण लगेच इंजिन खोलायला घेऊ नका. सैल लॉकनट, वाकलेला पुशरॉड, झिजलेला रॉकर यांनीही फट वाढते. पुशरॉड सपाट काचेवर लोळवून बघा. रॉकरच्या टोकाला खड्डा पडला असेल तर फिलर त्या खड्ड्यावर पुलासारखा आडवा बसतो : माप बरोबर येतं, आवाज तसाच. हे सगळं ठीक निघालं की डायल गेज पुशरॉडच्या डोक्यावर लावून इंजिन हाताने फिरवा. सहा इनलेटची उचल आपसांत ताडून बघा, सहा एक्झॉस्टची आपसांत. एखादी स्पष्ट कमी असेल तर कॅमवरचा तो लोब (उंचवटा) गेला. पुशरॉडवर खडूची खूणही करून ठेवा. टॅपेट वर-खाली होताना स्वतःभोवती थोडा फिरायला हवा आणि पुशरॉडलाही फिरवायला हवा. खूण जागची हलत नसेल तर टॅपेट एकाच रेषेवर घासतोय. ऑइल फिल्टर कापून कागदाच्या घड्यांत चकचकीत कीस दिसला, तर शंकेला जागा उरत नाही.

टॅपेट बदलण्याचं काम मोठं का, तर या टॅपेटचा तळ छत्रीसारखा रुंद आहे. तो वरून निघत नाही, खालूनच निघतो, आणि खाली कॅम आहे. म्हणजे रेडिएटर, डॅम्पर, पुढचं गिअर कव्हर, फीड पंप, रॉकर, पुशरॉड सगळं उतरवायचं. टॅपेटच्या पोकळ तोंडात घट्ट बसतील अशा लाकडी दांड्या ठोकून टॅपेट वर ओढायचे आणि जोडीजोडीने रबर बांधून तिथेच टांगून ठेवायचे. मग कॅम ओढायचा. त्या भोकात पूर्ण लांबीची पन्हळ सरकवून एकेक टॅपेट तिच्यात सोडायचा आणि आडवा पाडून बाहेर काढायचा. पन्हळ अर्धवट घातली आणि टॅपेट सटकला की संप (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) खोलायची पाळी. बसवताना उलट क्रम : पुशरॉडच्या भोकातून दोरीचं टूल खाली सोडून पन्हळीतून पुढे काढायचं, टॅपेट अडकवून जागेवर ओढायचा, पन्हळ अर्धी वळवायची म्हणजे तिची पाठ त्याला आधार देते, आणि पुन्हा दांडी-रबर.

एकच टॅपेट खराब दिसला म्हणून तेवढाच बदलायचा मोह होतो. लोब झिजला असेल तर नवा टॅपेट त्यावर टिकत नाही. आणि नव्या कॅमवर जुने टॅपेट हा तर शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार, कारण जुन्याच्या तळाचा हलका फुगवटा गेलेला असतो, तो फिरत नाही आणि नवा लोब खातो. नवा कॅम म्हणजे १२ नवे टॅपेटच. दुसऱ्याच कामासाठी कॅम काढला आणि सगळं चांगलं निघालं, तर नंबर घालून प्रत्येक टॅपेट त्याच्या जुन्याच जागी.

लोब आणि तळ यांना असेंब्ली पेस्ट लावा, गिअरच्या खुणा जुळवा, ऑइल व फिल्टर नवे. पहिल्यांदा चालू केल्यावर इंजिन आयडलवर सोडून चहाला जाऊ नका : हळू चालताना लोबच्या टोकावरचा दाब सर्वांत जास्त असतो आणि तेलाचा शिडकावा कमी. थोडी रेस धरून चालवा, मग पूर्ण गार करून १२ही फटी पुन्हा मोजा.