पायातला जीपीएस ट्रॅकर: वादाची पार्श्वभूमी

नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यायालयाच्या आदेशावरून जम्मू-काश्मीर पोलिसांनी दहशतवादाच्या खटल्यातल्या एका आरोपीच्या पायात जीपीएस ट्रॅकर बसवला आणि तो जामिनावर सुटला. देशातला हा पहिलाच प्रकार मानला जातो.

कल्पना मात्र जुनी. १९६०च्या दशकात हार्वर्डमध्ये श्वित्झगेबेल या जुळ्या भावांनी गुन्हेगारीत अडकलेल्या तरुणांवर रेडिओ यंत्राचे प्रयोग केले. पोरगा ठरल्या ठिकाणी वेळेवर पोचला की त्याला बक्षीस द्यायचं, हा त्यामागचा विचार. १९८३ मध्ये न्यू मेक्सिकोतले न्यायाधीश जॅक लव्ह यांनी यंत्र गुन्हेगाराच्या घोट्यावर चढवलं, ते त्याने घराबाहेर पडू नये म्हणून. बक्षिसाचा भाग तिथेच गळून पडला. ब्रिटनमध्ये १९८९ पासून प्रयोग झाले. पुढे २०१३ मध्ये उघड झालं, की खासगी कंपन्यांनी मेलेल्या माणसांच्या नावावरही सरकारकडून पैसे उकळले होते.

तिकडे हे यंत्र मुख्यतः शिक्षा झालेल्यांसाठी, तुरुंगाला पर्याय म्हणून रुजलं. आपल्याकडे ते जामिनाच्या दारातून आलं, आणि मला खटकतं ते हेच. आपल्या तुरुंगांतले सुमारे तीन चतुर्थांश लोक कच्चे कैदी आहेत. गुन्हा सिद्ध व्हायचाय, तरी आत. गर्दी कमी करायला ट्रॅकर हा स्वस्त उपाय, असं म्हणणाऱ्यांचा हेतू वाईट नाही. पण ज्याला मुळातच साध्या जामिनावर सोडायला हवं होतं, त्याच्याही पायात उद्या यंत्र आलं, तर त्याला सवलत कसं म्हणायचं?

या वादाला धार आणली ती जुलै २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने. अमली पदार्थांच्या खटल्यातल्या एका नायजेरियन आरोपीने गुगल मॅपवर पिन टाकून आपलं ठिकाण तपास अधिकाऱ्याला दिसेल असं ठेवावं, अशी जामिनाची अट होती. अशा पिनवरून क्षणोक्षणीचा माग लागत नाही, हे गुगलनेच प्रतिज्ञापत्रात सांगितलं. तरी न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयाँ तेवढ्यावर थांबले नाहीत. आरोपीच्या प्रत्येक हालचालीवर पोलिसांना सतत नजर ठेवू देणारी अट राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या खासगीपणाच्या हक्काचा भंग करते, असं त्यांनी ठरवलं.

केंद्राने राज्यांसाठी नमुना म्हणून केलेल्या २०२३ च्या आदर्श कारागृह कायद्यात मात्र कैदी ट्रॅकर घालायला राजी असेल तर त्याला रजा देण्याची तरतूद आहे. नकार दिला तर आतच राहावं लागणाऱ्या माणसाच्या राजीखुशीला किती अर्थ असतो, हे तो कायदा स्वीकारताना राज्यांनी विधिमंडळात उघडपणे बोलायला हवं.