कंपनीचे कायदेशीर व्यक्तिमत्त्व

नोंदणी झालेली कंपनी कायद्याच्या लेखी भागधारक व संचालक यांच्याहून वेगळी, स्वतंत्र व्यक्ती ठरते. ती जमीन घेते, कर्ज काढते, दावा लावते. भागधारक बदलले किंवा वारले तरी ती चालूच राहते. भारतात कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम ९ ने तिला हे स्थान मिळते.

मराठी माणसाला ही कल्पना अगदीच परकी नाही. देवस्थान इनामाच्या सातबाऱ्यावर देवाचे नाव असते आणि पुजारी नुसता वहिवाटदार. मूर्ती ही विधिमान्य व्यक्ती असल्याचे प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातील शेवटच्या अपिलाचे न्यायालय) १९२५ मध्ये प्रमथनाथ मल्लिक खटल्यात मान्य केले. देवाच्या मागे नफा वाटून घेणारे भागधारक मात्र नसतात, निदान कागदोपत्री तरी.

या तत्त्वाचा पाया मानला जाणारा निकाल एका बूटवाल्याचा आहे. लंडनच्या व्हाइटचॅपेल भागातील ॲरन सॉलोमन याने १८९२ मध्ये आपला धंदा स्वतःच काढलेल्या कंपनीला विकला. कायद्याला सात सभासद लागत. बायको आणि पाच मुले यांना एकेक शेअर देऊन त्याने संख्या भरली. उरलेले वीस हजारांवर शेअर त्याचेच, शिवाय कंपनीच्या मालमत्तेच्या तारणावरचे १०,००० पौंडांचे कर्जरोखेही. कंपनी लवकरच बुडाली आणि तारणदार म्हणून सॉलोमनचाच हक्क आधी ठरला. विनातारण माल देणारे कोरडे राहिले. ‘कंपनी म्हणजे सॉलोमनच’ हा युक्तिवाद हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचे ब्रिटनचे सर्वोच्च न्यायालय) नोव्हेंबर १८९६ मध्ये एकमताने फेटाळला.

कंपनी आणि तिचे मालक यांच्यामधला हा वेगळेपणाचा पडदा न्यायालये कधीकधी बाजूला सारतात. मुंबईत सर दिनशॉ माणेकजी पेटिट यांनी चार खाजगी कंपन्या काढून गुंतवणुकी त्यांच्या नावे केल्या होत्या. लाभांश कंपनीकडे जाई आणि ‘कर्ज’ म्हणून त्यांच्याकडे परत येई. मुंबई उच्च न्यायालयाने १९२७ मध्ये हा बनाव नाकारून कर लावला. सरकारचा कर बुडतो तेव्हा ही तत्परता दिसते. नुकसान सोसणाऱ्या सामान्यांसाठी ती फार क्वचित दिसते.

भारतात कंपनी व्यक्ती असली तरी नागरिक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनच्या प्रकरणात ठरवले. त्यामुळे फक्त नागरिकांना असलेले मूलभूत हक्क ती मागू शकत नाही. म्हणूनच बँक राष्ट्रीयीकरणाला आव्हान देणारे रुस्तम कूपर भागधारक म्हणून स्वतःच्या नावाने न्यायालयात गेले, आणि १९७० मध्ये जिंकले. अमेरिकेत मात्र २०१० च्या सिटिझन्स युनायटेड निकालाने कंपन्यांना निवडणूक प्रचारावर स्वतंत्रपणे खर्च करण्याची मुभा मिळाली.

खरी अडचण शिक्षेची. कंपनीला तुरुंगात घालता येत नाही. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोड काढली, की कैद सक्तीची असलेल्या गुन्ह्यातही कंपनीवर खटला चालवून दंड करता येईल. भोपाळमध्ये डिसेंबर १९८४ च्या वायुगळतीने हजारो माणसे मेली. कारखाना युनियन कार्बाइड इंडियाचा; तिचे निम्म्याहून थोडे अधिक शेअर अमेरिकी मूळ कंपनीकडे. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. २०१० मध्ये भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची कैद झाली आणि त्याच दिवशी जामीनही मिळाला. भारतीय कंपनीला काही लाखांचा दंड झाला. अमेरिकी कंपनीची नोंद त्या खटल्यात ‘फरार’ अशी आहे. त्याआधीच, २००१ मध्ये, डाऊ केमिकलने ती विकत घेतली होती. आपण वेगळी व्यक्ती आहोत, ते दायित्व आपले नाही, असे डाऊचे म्हणणे आहे.