घटनात्मक अपकृत्य

सरकारी अधिकाऱ्याने पदाच्या बळावर नागरिकाच्या मूलभूत हक्कांचा भंग केल्यास राज्याकडून, क्वचित त्या अधिकाऱ्याकडूनही, भरपाई मिळवून देणारे भारतीय न्यायतत्त्व. घटनेत त्याची स्वतंत्र तरतूद नाही. मूलभूत हक्कांसाठी अनुक्रमे सर्वोच्च व उच्च न्यायालयाकडे दाद मागण्याची सोय करणाऱ्या अनुच्छेद ३२ व २२६ यांच्या आधारे न्यायालयांनी ते घडविले.

त्याच्या उगमाविषयी एकमत नाही. काही भाष्यकार तो भागलपूरमधील कैद्यांना आंधळे केल्याच्या खटल्यात (खत्री, १९८१) शोधतात. मात्र तेथे भरपाईचा प्रश्न उपस्थित झाला, निकाली निघाला नाही. त्यामुळे रुदुल शाह खटला (१९८३) हाच आरंभ मानणे अधिक सयुक्तिक. सत्र न्यायालयाने १९६८ मध्ये निर्दोष सोडलेला हा कैदी बिहारच्या तुरुंगातून १९८२ मध्ये सुटला. सर्वोच्च न्यायालयाने आधीच्या ५,००० रुपयांखेरीज ३०,००० रुपये देवविले. दिवाणी दाव्याचा मार्गही खुला ठेवला.

या वाटेतील मुख्य अडसर सार्वभौम संरक्षणाचा, म्हणजे राजसत्तेच्या नात्याने केलेल्या कृत्यांबद्दल राज्यावर भरपाईचा दावा चालत नाही या तत्त्वाचा, होता. कलकत्त्याच्या न्यायालयाच्या १८६१ मधील पी. अँड ओ. (एक जहाज कंपनी) खटल्यातील निर्णयाने कंपनी सरकारची सार्वभौम व इतर कृत्ये वेगळी काढली. अनुच्छेद ३०० ने राज्याचे दायित्व घटनापूर्व स्थितीशी जोडल्याने तो भेद टिकून राहिला. कस्तुरीलाल खटल्यात (निर्णय १९६४ चा, निवाडासंग्रहांवरून १९६५ हे सालही रूढ) मेरठ पोलिसांच्या ताब्यातून गेलेल्या सोन्याची भरपाई याच कारणाने नाकारली गेली. हा निर्णय रीतसर रद्द झालेला नाही. नीलाबती बेहरा खटल्यात (१९९३) कोठडीतील मृत्यूबद्दल दीड लाख रुपये देताना न्यायालयाने मूलभूत हक्कांच्या याचिकेत ते संरक्षण लागू नसल्याचे म्हटले.

हेतुपुरस्सर भंगाचे ठळक उदाहरण भीमसिंग खटल्याचे (१९८५). विधानसभेच्या अधिवेशनास निघालेल्या या आमदाराला जम्मू-काश्मीर पोलिसांनी अटकेत ठेवले. भरपाई ५०,००० रुपये ठरली. तीही राज्यानेच द्यायची होती. लखनौ विकास प्राधिकरण खटल्यात (१९९३) अशी रक्कम दोषी अधिकाऱ्यांकडून वसूल करण्याचे सूत्र आले. ‘कॉमन कॉज’ खटल्यात (१९९६) पेट्रोलपंपांच्या मनमानी वाटपाबद्दल माजी पेट्रोलियम मंत्र्यांवर बसविलेला ५० लाखांचा भुर्दंड पुनर्विलोकनात (१९९९) रद्द झाला.

फौजदारी बाजूस कायद्याची जाणूनबुजून अवज्ञा करून इजा पोचविणाऱ्या लोकसेवकास भारतीय न्याय संहितेच्या कलम १९८ प्रमाणे एक वर्षापर्यंत साधी कैद होऊ शकते. पदीय कर्तव्यातील कृत्याबद्दल काही वर्गांतील लोकसेवकांवर खटला चालविण्यास शासनाची पूर्वपरवानगी लागते. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार (फौजदारी कार्यपद्धतीचा कायदा) १२० दिवसांत निर्णय न झाल्यास ती मिळाल्याचे मानले जाते.