आयएसओ की एनएसओ? पे-स्लिपवर न दिसणारा कर

अमेरिकेतल्या स्टार्टअपचं ऑफर लेटर हातात पडलं की पुण्या-नागपूरहून गेलेली आपली मंडळी आधी पगार बघतात, मग ऑप्शन्सचा आकडा. ते ऑप्शन्स आयएसओ (इन्सेन्टिव्ह स्टॉक ऑप्शन्स) आहेत की एनएसओ (नॉन-क्वालिफाइड स्टॉक ऑप्शन्स), हे बघायचं मात्र बहुतेकांचं राहून जातं. दोन्हींत मिळतो तो हक्क एकच, ठरलेल्या भावाने कंपनीचे शेअर घेण्याचा. फरक पडतो ते शेअर प्रत्यक्ष घेतल्यावर, म्हणजे एक्सरसाइज केल्यावर.

एनएसओचं गणित भारतातल्या ईसॉपसारखंच, म्हणजे कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या शेअर-ऑप्शन्ससारखंच. एक्सरसाइजच्या दिवशीची शेअरची किंमत आणि तुमचा ठरलेला भाव यांतला फरक म्हणजे सरळ पगार. तो डब्ल्यू-२ वर, म्हणजे कंपनी देते त्या वर्षभराच्या पगार-कराच्या दाखल्यावर येतो, कंपनी त्यावर कर कापते. कापलेला कर कधी अपुरा पडतो, पण निदान त्याची चाहूल तरी लागते.

आयएसओत कोणी काही कापत नाही. नेहमीच्या हिशेबात एक्सरसाइजवर उत्पन्न शून्य, आणि म्हणून ‘आयएसओला विकेपर्यंत कर नाही’ असं ऑफिसात सर्रास सांगितलं जातं. हे अर्धंच खरं. अमेरिकेत कराचे हिशेब दोन असतात: एक नेहमीचा, दुसरा अल्टरनेटिव्ह मिनिमम टॅक्सचा, म्हणजे एएमटीचा. दुसऱ्यात स्टँडर्ड डिडक्शन मिळत नाही आणि आयएसओचा न विकलेला, कागदावरचा नफाही धरला जातो. दुसरा आकडा मोठा निघाला, तर वरचा फरक भरायचा.

२०२६ चंच उदाहरण घेऊ. एकटा करदाता, पगार दीड लाख डॉलर, १०,००० आयएसओ, ठरलेला भाव २ डॉलर, शेअरची किंमत २२ डॉलर. शेअर घ्यायला खिशातून गेले २०,०००, कागदी नफा दोन लाख. एएमटीसाठी उत्पन्न झालं साडेतीन लाख. त्यातून ९०,१०० डॉलरची सूट वजा करून उरलेल्यावर २६ आणि वरच्या थोड्या भागावर २८ टक्के लावले, की होतात सुमारे ६८,०००. नेहमीचा कर येतो २५,००० च्या आत-बाहेर. म्हणजे ४३,००० डॉलर जादा, तेही एक शेअर न विकता! कॅलिफोर्नियात राहत असाल, तर राज्याची एएमटी वेगळी. कंपनी अजून शेअर बाजारात उतरलेली नसेल, तर विकून कर भरू म्हणायचीही सोय नाही.

डॉटकॉमच्या पडझडीत हेच झालं. २००० साली चढ्या किमतीला एक्सरसाइज करून अनेकजण शेअर धरून बसले. पुढे शेअरची रद्दी झाली, कर मात्र जुन्या किमतीवर लागला. अशी थकलेली एएमटी शेवटी २००८ मध्ये अमेरिकी काँग्रेसला कायदा करून माफ करावी लागली.

भरलेली एएमटी अगदीच बुडीत जाते असं नाही. आयएसओमुळे भरलेली रक्कम क्रेडिट म्हणून पुढे नेता येते, फॉर्म ८८०१ वर. पण ते वापरता येतं ते ज्या वर्षी नेहमीचा कर एएमटीच्या हिशेबापेक्षा जास्त निघेल त्याच वर्षी, म्हणून कधीकधी वर्षानुवर्षं थांबावं लागतं.

मग आयएसओ घ्यायचेच कशाला? तर ग्रँटपासून, म्हणजे ऑप्शन्स दिल्याच्या तारखेपासून दोन आणि एक्सरसाइजपासून एक वर्ष पार करून विकले, तर सगळा नफा दीर्घ मुदतीचा भांडवली नफा ठरतो आणि त्याचा दर कमी असतो. एनएसओत एक्सरसाइजपर्यंतची वाढ पगाराच्याच दराने जाते. मोठी वाढ असेल, तर हा फायदा छोटा नाही.

माझ्या मते आयएसओ एक्सरसाइज करायला जानेवारीसारखा महिना नाही, डिसेंबरमध्ये तर मुळीच घाई करू नये. कंपनी लिस्टेड असेल तर वर्षभर भाव बघता येतो. घसरलाच, तर ३१ डिसेंबरच्या आत विकून टाका. त्या शेअरवरची एएमटी उरत नाही, कर लागतो तो खऱ्या नफ्यावर. भाव टिकला, तर पुढच्या जानेवारीत वर्ष भरतं आणि कर भरायच्या १५ एप्रिलच्या मुदतीआधी थोडे शेअर विकून कराचे पैसे उभे करता येतात.