रशियात गे क्लब कधी नव्हतेच?

‘रशियात समलैंगिकता पहिल्यापासून गुन्हा, तिथे कसले आलेत गे क्लब!’ हे वाक्य आपल्याकडे वर्षानुवर्षं फिरतंय. ते खरं नाही.

स्टालिनच्या काळात १९३४मध्ये आलेला, समलैंगिकतेला गुन्हा ठरवणारा कायदा फक्त पुरुषांसाठी होता. बायकांवर खटला नसे, पण वेड्यांच्या इस्पितळात धाडण्याची सोय होती. १९९३मध्ये तो कायदा गेला, म्हणजे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं आपलं कलम ३७७ सैल होण्याच्या २५ वर्षं आधी! त्यानंतर सेंट पीटर्सबर्गमध्ये उघडपणे क्लब चालले. लोमोनोसोव्ह रस्त्यावरचा ‘सेंट्रल स्टेशन’ पर्यटकांनाही ठाऊक होता, आणि ‘३एल’ हा खास बायकांचा क्लबही होता.

२०१२मध्ये याच शहराने, पुढच्या वर्षी देशाने, समलैंगिकतेच्या ‘प्रचारा’वर बंदी आणली. तरी क्लब चालूच राहिले, हे अनेकांना पटत नाही.

खरा घाव ३० नोव्हेंबर २०२३चा. सर्वोच्च न्यायालयाने ‘आंतरराष्ट्रीय एलजीबीटी चळवळ’ अतिरेकी ठरवली. अशी नोंदणीकृत संघटनाच नाही, त्यामुळे कुणालाही त्यात बसवता येतं. दुसऱ्याच दिवशी रात्री मॉस्कोतल्या क्लबांवर धाडी पडल्या. निमित्त अमली पदार्थांचं. प्रत्यक्षात पोलीस आलेल्यांच्या ओळखपत्रांचे फोटो काढत होते. ‘सेंट्रल स्टेशन’ला तर जागामालकानेच नव्या कायद्यामुळे जागा नाकारली. मार्च २०२४मध्ये ओरेनबर्गच्या एका बारचे कर्मचारी अटकेत गेले.

समलिंगी संबंध मात्र कागदोपत्री आजही तिथे गुन्हा नाहीत. इंद्रधनुषी कानातले घातले म्हणून एका बाईला पाच दिवस कोठडी झाली, ती वेगळ्या कलमाखाली.