‘डिपिन’ आणि ‘लॉल’: दोन्ही बीपीच्या गोळ्या, पण सोडायची रीत एक नाही

‘बीपीची गोळी’ नावाची कुठलीच गोळी नसते. एकोणीस वर्षांपासून मी हे माझ्या मेडिकलच्या काउंटरवरून सांगतोय. हिंगणघाट तालुक्यातलं आमचं गाव, मंगळवारचा बाजार. आजूबाजूच्या खेड्यांतून माणसं येतात, भाजीपाला, तेल, मिरची घेतात आणि परतताना दुकानापुढं थांबतात. मुठीत पन्नीत गुंडाळलेला स्ट्रिपचा तुकडा असतो. दोन-तीन गोळ्यांची रिकामी घरं, मागचा चंदेरी कागद फाटलेला, आणि नावातली शेवटची दोन अक्षरं तेवढी उरलेली.

“भाऊ, हे बीपीची गोळी देजो.”

“कोणाची आहे, मावशी?”

“बुढ्याची. हे नसंन तं दुसरी दे. बीपीचीच पायजे फक्त.”

या शेवटच्या वाक्याची मला धास्ती वाटते. सगळ्या गोळ्या बीपीच्याच असल्या, तरी एकीच्या जागी दुसरी चालत नाही. आणि काही गोळ्या अशा आहेत की त्या एका दिवसात बंद केल्या, तर माणसाच्या छातीवर बेतू शकतं.

ॲम्लोडिपिन तुम्हाला माहीत आहे. घरात कुणाला ना कुणाला ती चालूच असते. आपला वर्धा आणि तिकडं भंडारा, हे दोन्ही जिल्हे रक्तदाबाच्या राष्ट्रीय उपक्रमात पहिल्या टप्प्यापासून आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपी वाढलेलं दिसलं की बहुतेकांची सुरुवात ५ मिलिग्रॅमच्या ॲम्लोडिपिननं होते, तीही फुकट. रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल करायच्या, एवढंच तिचं काम. वावरातल्या मोटरीचा पाइप रुंद केला की दाब कमी होतो, तसं. पायाच्या घोट्यावर सूज येते, १० मिलिग्रॅमवर जास्त येते. ती सूज लघवीच्या गोळीनं नीट उतरत नाही, म्हणून मनानं ती गोळी मागायला येऊ नका, डॉक्टरांना पाय दाखवा. कुणाच्या हिरड्या फुगतात. ॲम्लोडिपिनबद्दल एवढं पुरे.

आता दुसरी जात. ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल. कंपनीचं नाव काहीही असो, स्ट्रिपवर औषधाचं खरं नाव लिहिलेलं असतं आणि त्याचं शेपूट ‘लॉल’ असतं. ॲम्लोडिपिन, निफेडिपिन, सिल्निडिपिन यांचं शेपूट ‘डिपिन’. टेल्मिसार्टन, लोसार्टन यांचं ‘सार्टन’. कंपनीचं नाव वाचून काही उपयोग नाही, खऱ्या नावाचं शेपूट वाचा. इंग्रजी वाचता येत नसेल तर नातवाला वाचायला सांगा. शाळेत जाणारं कोणतंही पोरगं हे वाचू शकतं.

लॉलवाल्यांना डॉक्टर बीटा ब्लॉकर म्हणतात. त्या पाइपाला हात लावत नाहीत, मोटरीचा वेग कमी करतात. घाबरल्यावर, पळाल्यावर, भांडल्यावर शरीर ॲड्रेनलिन सोडतं आणि छाती धडधडते. हृदयावर ॲड्रेनलिन बसायच्या ज्या जागा असतात, त्या ही गोळी अडवून ठेवते. नाडी मंदावते, हृदयाचं काम हलकं होतं, दाबही उतरतो. गोळीचा रंग, आकार, किंमत, सकाळी घ्यायची की रात्री, यावर लोक माझ्याशी तासभर बोलायला तयार असतात. त्यात विशेष काही नाही. खरा फरक सोडण्यात आहे, आणि तोच कुणाच्या ध्यानात राहत नाही.

ॲम्लोडिपिन शरीरातून हळूहळू जाते. रक्तातलं तिचं प्रमाण निम्म्यावर यायला ३० ते ५० तास लागतात. चार दिवस चुकली तर बीपी सावकाश चढतं. ते वाईटच, पण त्यात अचानक झटका नसतो. ॲटेनोलॉल ६-७ तासांत निम्मी होते, मेटोप्रोलॉल त्याहूनही लवकर. पण लवकर जाणं हा अर्धाच भाग झाला. महिनोन् महिने जागा अडवलेल्या राहिल्या की शरीर गप्प बसत नाही, हृदयावर ॲड्रेनलिनसाठी नव्या जागा तयार करतं. गोळी चालू आहे तोवर त्याही दबून असतात. गोळी एकदम बंद झाली की जुन्या-नव्या सगळ्या जागा एकाच वेळी मोकळ्या होतात, आणि नेहमीच्याच ॲड्रेनलिनवर हृदय दुपटीनं उधळतं. बैल ओढ घेत असताना कासरा ताणून धरायचा आणि मधेच हातातून सोडून द्यायचा, तसा हा प्रकार आहे. नाडी १०० च्या वर जाते, बीपी आधीपेक्षाही चढतं, आणि हृदयाच्या नळ्या आधीच अरुंद असतील तर छातीत कळ येते. कधी झटकाही येतो. म्हणून ही गोळी बंद करायचीच असेल, तर डॉक्टर एक-दोन आठवडे डोस उतरवत नेतात आणि त्या दिवसांत कष्टाचं काम करू नका म्हणून सांगतात.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. माझ्या मोठेबाबांना चढ चढताना छाती आवळायची, म्हणून ॲम्लोडिपिन ५ आणि ॲटेनोलॉल ५० एकाच गोळीत असलेलं औषध सुरू केलं होतं. अशा जोडगोळ्या आपल्याकडं खूप चालतात, आणि बऱ्याच कंपन्या ॲटेनोलॉलसाठी नावामागं नुसतं ‘एटी’ लावतात. तीन वर्षं ते ठीक होते. मग गावात तपासणीचं शिबिर झालं. “काय चालू आहे, बाबा?” असं विचारल्यावर मोठेबाबा म्हणाले, “अम्लोची गोळी.” तिथल्यांनी साधी ॲम्लोडिपिन दिली, महिन्याची, फुकट. त्यांनी विचारलं ते दिलं. मोठेबाबांनी सांगितलं ते खरंच होतं, पण अर्धंच. शेपटातला ‘एटी’ घरच्या डब्यात राहिला. दुकानात मी होतो, तरी मला कुणी सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही घडलंय असंच कुणाला वाटलं नाही. गोळी तर चालूच होती.

चौथ्या दिवशी तुरीच्या वावरातून येताना ते धुऱ्यावर बसून राहिले. कपाळावर घाम, हात छातीवर. मी मनगट धरलं तेव्हा नाडी १२४ होती. एरवी त्यांची साठ-बासष्ट असायची. गाडी करून तालुक्याला नेलं, तिथून पुढं. मोठेबाबा वाचले. मोठीआईनं घरून पिशवीत आणलेल्या दोन्ही स्ट्रिपा मी दवाखान्याच्या बाकावर शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, तेव्हा कुठं मला कळलं की काय बंद झालं होतं. एकीवर दोन नावं, दुसरीवर एकच. त्या दिवसापासून जोडगोळी देताना मी दोन्ही नावं मोठ्यानं वाचून दाखवतो, मागं रांग असली तरी.

बीपी मोजून लॉलवाल्या गोळीचा हिशोब लागत नाही, हेही इथंच समजून घ्यायला पाहिजे. “बीपी १२० वर आलं, आता कायले खाऊ?” हे मी रोज ऐकतो. ॲम्लोडिपिनच्या बाबतीतही ते चूकच आहे, कारण बीपी गोळीमुळंच उतरलेलं असतं. पण लॉलवाल्या गोळीच्या बाबतीत तो प्रश्नच वेगळा आहे. पहिली चांगली चाललेली बीटा ब्लॉकर, प्रोप्रॅनोलॉल, जेम्स ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञानं १९६० च्या दशकात तयार केली, ती बीपीसाठी नव्हेच, हृदयशूळासाठी. हृदयाला जास्त रक्त पुरवता येत नसेल तर त्याची गरजच कमी करावी, असा त्याचा विचार होता. १९८८ मध्ये त्याला नोबेल मिळालं. बीपी उतरतं हे नंतर लक्षात आलं. पुढं नुसत्या बीपीसाठी या गोळ्या मागं पडत गेल्या, ब्रिटननं २००६ मध्ये त्यांना पहिल्या पसंतीतून काढलं. तेव्हा आज एखाद्याला नव्यानं लॉलवाली गोळी लिहिली असेल, तर बहुतेक वेळा मागं दुसरं कारण असतं. झटका येऊन गेलेला असतो, हृदय अशक्त असतं, ठोके अनियमित पडतात, थायरॉइड वाढलेलं असतं, किंवा अर्धशिशी असते. ते कारण बीपीच्या मशीनवर दिसत नाही. म्हणून माझा आग्रह आहे की ‘ही गोळी मला कशासाठी?’ हा प्रश्न डॉक्टरांना एकदा विचारा आणि उत्तर फाइलच्या पहिल्या पानावर मराठीत लिहून घ्या.

शेजाऱ्याच्या गोळीबद्दल मी फार कडक आहे. लग्नाला गेले, गोळ्या घरी राहिल्या, मग सोयऱ्याच्या डब्यातली एक घेतली. तुमची लॉलवाली आणि त्याची डिपिनवाली असेल, तर तुम्ही गोळी घेऊनही गोळी बंद केलीत. उलटं झालं तर आणखी वाईट. दमेकऱ्यानं लॉलवाली घेतली तर श्वासनळ्या आवळू शकतात. ज्याची नाडी आधीच पन्नाशीत आहे, त्याला चक्कर येऊन तो पडू शकतो.

साखर असणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. साखर उतरली की हात थरथरतात, छाती धडधडते, आणि माणूस ओळखतो की काहीतरी खायला हवं. लॉलवाली गोळी नेमकी ही धडधड आणि थरथर दाबून टाकते. घाम मात्र दाबत नाही. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी आणि सोबत मेटोप्रोलॉल चालू असेल, आणि सावलीत बसूनही अंग घामानं ओलं झालं, डोकं हलकं वाटलं, तर धडधडीची वाट पाहू नका. गुळाचा खडा तोंडात टाका, मग साखर मोजा. वावरात जाताना खिशात गूळ ठेवाच.

उन्हाळ्याचं थोडं सांगतो, कारण आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि लोक मनानं गोळ्या कमी करतात. उन्हात बीपी उतरतं, हे खरं आहे. लघवीची गोळी किंवा सार्टन चालू असणाऱ्याला घाम आणि जुलाबानं चक्कर येऊ शकते, आणि डॉक्टर त्या दिवसांत डोस कमीही करतात. पण लॉलवाली गोळी उन्हाच्या नावानं एकदम सोडायची नाही. ती घेणाऱ्याचं हृदय उन्हात हवं तेवढं वेगानं चालू शकत नाही, त्यामुळं दुपारचं काम टाळायला हवं. कामाची वेळ बदला, गोळी नको.

आता माझी दोन गाऱ्हाणी. स्ट्रिप कापून देणं मला मुळीच आवडत नाही. चार गोळ्या कापल्या की नाव एका तुकड्यावर जातं, मुदतीची तारीख दुसऱ्यावर. पैसे नसतील तर उधार न्या, पण पूर्ण स्ट्रिप न्या. आणि नवी स्ट्रिप आणताना जुनी रिकामी स्ट्रिप सोबत आणा. “बारकी पांढरी” ही खूण पुरत नाही. दुकानातल्या निम्म्या गोळ्या बारक्या पांढऱ्या आहेत.

दुसरं, नावामागं ईआर, एक्सएल किंवा एक्सआर लिहिलेली मेटोप्रोलॉल कुटून पाण्यात देऊ नका. दिवसभर थोडी थोडी सुटावी म्हणून ती तशी बनवलेली असते. कुटली की सगळी एकदम सुटते. म्हाताऱ्याला गिळता येत नसेल तर डॉक्टरांना सांगा, दुसरा मार्ग असतो.

नाडी मोजायला मशीन लागत नाही. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या आतल्या बाजूला तीन बोटं ठेवायची आणि घड्याळातला पूर्ण एक मिनिट मोजायचं, तेही पाच मिनिटं बसून झाल्यावर. माझी मोठीआई चौथी शिकलेली आहे. ती रोज सकाळी चहाआधी मोठेबाबांची नाडी मोजते आणि भिंतीवरच्या कालनिर्णयवर त्या दिवसाच्या चौकोनात आकडा लिहिते. ६२, ६०, ६४. पन्नासच्या खाली गेली आणि सोबत चक्कर किंवा ग्लानी असली, तर तिनं आधी फोन करायचा आणि विचारून मगच गोळी द्यायची, असं आमच्या डॉक्टरांनी तिला समजावलंय. तुमच्या माणसासाठी हा आकडा किती धरायचा, ते तुमच्या डॉक्टरांकडून विचारून घ्या.

आणि गोळी चुकलीच तर? ॲम्लोडिपिन त्याच दिवशी आठवली तर घ्या, नाहीतर दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला. लॉलवाली आठवल्याबरोबर घ्या, पण पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्या. दोन एकदम कधीच नाही. दोन-तीन दिवस सलग चुकली असेल तर मनानं पूर्ण डोस सुरू करू नका, आधी डॉक्टरांना फोन करा. छातीत कळ, धडधड किंवा दम लागत असेल तर फोनवर वेळ घालवू नका, १०८ ला गाडी बोलवा, आणि निघताना घरातल्या सगळ्या स्ट्रिपा, रिकाम्यासुद्धा, पिशवीत टाका.