सूक्ष्मअध्यापनातील सहा मिनिटे : प्रत्याभरण आणि आत्मविश्वास

बी.एड.च्या सूक्ष्मअध्यापनात, म्हणजे शिकवण्याच्या एकेका कौशल्याच्या छोट्या सरावात, सहा मिनिटांचा पाठ संपताच सहा मिनिटे प्रत्याभरणासाठी, म्हणजे पाठ कसा झाला हे शिकवणाऱ्याला सांगण्यासाठी, राखलेली असतात. त्यानंतर बारा मिनिटे पुनर्नियोजन, सहा मिनिटे पुनरध्यापन आणि पुन्हा सहा मिनिटे प्रत्याभरण, असे 36 मिनिटांचे हे चक्र भारतात एनसीईआरटीच्या (राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेच्या) नमुन्यावरून रूढ झाले. एकच कौशल्य, मोजका वेळ आणि विद्यार्थ्यांच्या जागी बसलेले सहाध्यायी, हे त्याचे आपल्याकडील रूप.

पाठानंतर काही सांगितलेच पाहिजे, ही समजूत सूक्ष्मअध्यापनाहून जुनी आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी 1927 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत माणसांना डोळे मिटून ठरावीक लांबीच्या रेषा काढायला लावल्या होत्या. नुसत्या सरावाने त्यांच्यात सुधारणा झाली नाही. प्रत्येक रेषेनंतर ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ एवढेच सांगितल्यावर मात्र ती झाली. स्टॅनफर्ड विद्यापीठात 1963 च्या सुमारास ड्वाइट अ‍ॅलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सूक्ष्मअध्यापन घडवले, तेव्हा पाठ, प्रत्याभरण आणि पुन्हा पाठ हाच त्याचा कणा ठरला. चित्रफितीमुळे छात्राध्यापकाला स्वतःचा पाठ स्वतः पाहताही येऊ लागला.

आत्मविश्वासाचा प्रश्न या चर्चेत ठळकपणे आला तो नंतर, आणि तोही स्टॅनफर्डमधूनच. तेथील मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 मध्ये स्वक्षमतेची संकल्पना मांडली. ‘हे काम मला जमेल’ हा विश्वास स्वतः काम पार पाडल्याच्या अनुभवातून, दुसऱ्याला ते करताना पाहून, इतरांनी दिलेल्या धीरातून आणि त्या वेळच्या शारीरिक-भावनिक अवस्थेतून घडतो. यांत पहिला स्रोत सर्वांत प्रभावी, असे त्यांचे प्रतिपादन होते.

माझ्या मते याहून महत्त्वाचा टप्पा 1996 चा आहे. अव्रहाम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी या संशोधकांनी प्रत्याभरणावरील तोवरच्या अभ्यासांतील 607 परिणाम एकत्र तपासले. सरासरीने प्रत्याभरणाचा फायदाच दिसला, परंतु एक तृतीयांशाहून अधिक परिणामांत कामगिरी घसरलेली होती. लक्ष कामावरून उडून स्वतःकडे वळले की प्रत्याभरणाचा उपयोग कमी होतो, असे स्पष्टीकरण त्यांनी दिले. आणि हे केवळ निंदेलाच नव्हे, तर व्यक्तीच्या स्तुतीलाही लागू पडते. ‘तू प्रश्न विचारून लगेच स्वतःच उत्तर दिलेस, थोडा थांब’ हे वाक्य आणि ‘तुझा आवाका कमी पडतो’ हे वाक्य यांतला फरक निरीक्षकाने जाणलाच पाहिजे, कारण पहिल्यात पुढच्या सहा मिनिटांत करण्याजोगे काहीतरी आहे.

म्हणूनच वेळापत्रक आखडले म्हणून पुनरध्यापन गाळणे मला सर्वांत घातक वाटते. तसे झाले, तर छात्राध्यापकाला चूक कळते, पण ती दुरुस्त करून दाखवल्याचा अनुभव, म्हणजे बांडुरा यांनी सर्वांत वर ठेवलेला स्रोत, त्याच्या वाट्याला येतच नाही.